पडद्यावरचा अपंग माणूस आणि नगर जिल्ह्याचा दाखला

१९७७ साली प्रदर्शित झालेल्या मनमोहन देसाई यांच्या ‘अमर अकबर अँथनी’ ह्या चित्रपटात दृष्टी गमावलेली एक माता साईबाबांच्या मंदिरात चाचपडत येते, मूर्तीच्या नेत्रांतून निघालेल्या ज्योती तिच्या डोळ्यांत विलीन होतात, आणि क्षणार्धात तिला दिसू लागते. निरुपा रॉय यांनी रंगविलेली ही माता आणि ऋषी कपूर यांच्यावर चित्रित झालेले ते साईगीत पुढे चित्रपटगृहातून निघून दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आले, आणि गेली कित्येक दशके सुटीच्या दुपारी घरोघर इतक्या वेळा पाहिले गेले की, राहाता तालुक्यातील शिर्डी ह्या गावाचे अपंगत्वाशी असलेले नाते देशाच्या मनात त्या एका दृश्याने जणू मुक्रर करून टाकले. अंध मनुष्य शिर्डीस यावा, त्याचे अंधत्व नाहीसे व्हावे, आणि मगच त्याच्या कथेचा शेवट गोड व्हावा, हा त्या दृश्याचा अर्थ.

परंतु ह्याच शिर्डीने अपंगत्वाचे दुसरे, अगदी निराळे चित्र आपल्या दप्तरात जपून ठेवले आहे, आणि ते कोणा टीकाकाराने हुडकून काढलेले नसून गोविंद रघुनाथ दाभोळकर ऊर्फ हेमाडपंत यांच्या ‘श्री साईसच्चरित’ ह्या ओवीबद्ध ग्रंथात, भाविकांच्या नित्य वाचनात आहे. १९१० सालच्या धनत्रयोदशीस बाबा धुनीपाशी बसले असता त्यांनी एकाएकी आपला हात पेटत्या धुनीत घातला. दूर कोठे भात्यापाशी बसलेल्या एका लोहाराच्या स्त्रीच्या कडेवरून निसटून भट्टीत पडलेले मूल त्यामुळे वाचले, अशी कथा आहे. हात भाजल्याचे वर्तमान कळताच नानासाहेब चांदोरकर मुंबईहून डॉक्टर परमानंद यांना मलमपट्टीच्या साहित्यासह घेऊन आले. परंतु बाबांनी त्या निष्णात डॉक्टरला हात लावू दिला नाही. तो मान मिळाला भागोजी शिंदे ह्या महारोगाने जर्जर झालेल्या गृहस्थाला. हा भागोजी रोज पट्टी सोडी, तूप चोळी, हात दाबी, पुन्हा पान ठेवून पट्टी बांधी. आणि जखम भरून आल्यावरही हा क्रम १९१८ साली बाबांनी देह ठेवीपर्यंत चालू राहिला. लेंडी बागेकडे जाताना बाबांच्या मस्तकावर छत्री धरण्याचा अधिकारही त्याचाच होता.

ह्या प्रसंगातील एका गोष्टीकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. भागोजीचा महारोग त्या कथेत नाहीसा होत नाही. ज्याच्या स्पर्शाला त्या काळी गाव भीत असे, त्याच्याच झडलेल्या बोटांकडे शुश्रूषेचे काम येते. जो सेवा घेणारा म्हणून दयेस पात्र ठरावयाचा, तोच सेवा करणारा म्हणून मानास पात्र ठरतो. पडद्यावरच्या अंध मातेला दृष्टी परत मिळाल्यावाचून कथेत पुढे जागा नाही. भागोजीला मात्र आहे त्या देहानिशी, रोजचे काम करणारा मनुष्य म्हणून जागा आहे. दूरचित्रवाणीने गेल्या चार दशकांत अपंग माणसाचे जे चित्र काढले, त्याचा विचार करताना मला हा भागोजी वारंवार प्रमाण म्हणून पुढे उभा करावासा वाटतो.

पौराणिक वारसा

२५ जानेवारी १९८७ रोजी रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका दूरदर्शनवर सुरू झाली, आणि रविवारच्या सकाळी रस्ते ओस पडू लागले. त्या मालिकेतील मंथरेची भूमिका ललिता पवार यांनी केली. ह्या थोर अभिनेत्रीचा जन्म येवल्याचा, म्हणजे नगर जिल्ह्याच्या कोपरगाव तालुक्याला लागून असलेल्या भूमीतला. तारुण्यात नायिका म्हणून नावारूपाला आलेल्या ललिताबाईंना १९४२ सालच्या एका चित्रपटाच्या चित्रीकरणात अभिनेते भगवान यांच्या हातची जोराची चपराक बसली. चेहऱ्याच्या स्नायूंना पक्षाघात झाला, डावा डोळा कायमचा अधू झाला, आणि दीर्घ उपचारांनंतर त्या परतल्या तेव्हा नायिकेची दारे त्यांना बंद झाली होती. मिळाल्या त्या मुख्यतः कजाग सासूच्या, कपटी स्त्रीच्या भूमिका. ‘अनाडी’तील ममताळू मिसेस डिसासारखी भूमिका त्यांनी ज्या समर्थपणे केली आणि त्याबद्दल पारितोषिक मिळविले, ते पाहता त्यांच्या अभिनयाला कसलीही मर्यादा नव्हती हे उघड आहे; मर्यादा होती ती अधू डोळ्यात दुष्टपणा पाहण्याची सवय लागलेल्या चित्रसृष्टीच्या नजरेला. आणि अखेर साऱ्या देशाने एकाच वेळी पाहिलेल्या त्यांच्या दूरचित्रवाणीवरील भूमिकेत, खऱ्या अपंगत्वावर कुबडाचे दुसरे अपंगत्व चढवून, त्यांना दुष्ट सल्लागाराचे चिन्ह म्हणून आपल्यापुढे ठेवण्यात आले.

मंथरेचे कुबड निदान वाल्मीकींच्या ग्रंथात आहे. परंतु २ ऑक्टोबर १९८८ पासून सुरू झालेल्या बी. आर. चोप्रा यांच्या ‘महाभारत’ मालिकेतील शकुनीचे काय? गुफी पेंटल यांनी साकारलेला हा शकुनी लंगडत चालतो, आणि ते लंगडणे त्याच्या कपटाशी प्रेक्षकांच्या मनात असे काही एकजीव झाले आहे की, व्यासांच्या ग्रंथात शकुनीच्या लंगडेपणाचा पत्ता नाही हे सांगितल्यास पुष्कळांना खरे वाटत नाही. लोककथांतून आलेला हा तपशील मालिकेने बिनदिक्कत उचलला, कारण वाकडे मन दाखविण्यासाठी वाकडे पाऊल हे साधन तिला आयते मिळत होते. धृतराष्ट्राचे अंधत्वही असेच विवेकशून्यतेच्या रूपकात सामावून गेले. गावातल्या शाळेत पोलिओने पाय अधू झालेल्या मुलाला त्या काळात ‘शकुनी’ म्हणून हाक मारली गेली असेल, तर तो दोष मुलांचा फार थोडा आणि त्यांच्या रविवारच्या शिक्षकाचा फार मोठा.

हसू आणि आसू

खलत्वाच्या जोडीला आणखी दोन साचे आले: हसण्याचा आणि रडण्याचा. मराठी अभिनेते श्रेयस तळपदे यांच्या दोन भूमिका शेजारी ठेवल्या म्हणजे ह्या विषयाचा सगळा आवाका डोळ्यांसमोर उभा राहतो. २००५ सालच्या नागेश कुकुनूर यांच्या ‘इक्बाल’मध्ये ते ऐकू न येणाऱ्या, न बोलणाऱ्या खेड्यातल्या गोलंदाजाचे काम करतात; त्या तरुणाचा हट्ट, राग, मेहनत, बहिणीशी हातांनी चालणारे संभाषण हे सगळे आपण पाहतो, आणि थोड्याच वेळात त्याच्या न बोलण्यापेक्षा त्याच्या चेंडूची आपल्याला अधिक काळजी वाटू लागते. २०१० सालच्या ‘गोलमाल ३’मध्ये तेच अभिनेते तोतरे बोलतात, आणि तेथे तोतरेपणा हाच विनोद असतो, तो काढून घेतला तर खाली माणूस उरत नाही. नट तोच, गुणवत्ता तीच. लिहिणाराने पात्रात माणूस ठेवला की नाही, एवढाच फरक.

मराठी मालिकांनी रडण्याचा मार्ग अधिक पत्करला. सप्टेंबर २०२० मध्ये स्टार प्रवाहवर सुरू झालेल्या ‘मुलगी झाली हो’ ह्या मालिकेची नायिका माऊ बोलू शकत नाही; मुलगी नको असलेल्या पित्याच्या कृत्याचा तो परिणाम. न बोलणारी मुलगी मुख्य वेळेतील मालिकेच्या मध्यभागी यावी, घरोघरच्या स्त्रियांनी तिच्यावर लेकीसारखे प्रेम करावे, ही गोष्ट लहान नव्हे, आणि तिचे श्रेय त्या मालिकेला दिलेच पाहिजे. तरीही तिचे मूकपण कथेत प्रामुख्याने पित्याच्या अपराधाचा पुरावा म्हणून वावरते, आणि भूमिका बोलणाऱ्या अभिनेत्रीकडे जाते. ज्या मुलींचे सारे आयुष्य हातांच्या भाषेत चालते, त्यांच्यातली एखादी त्या भूमिकेसाठी चाचणीला बोलावता येईल, हा विचार अजून आपल्याकडे रूढ झालेला नाही.

हातांची भाषा ही अपुऱ्या माणसाची अपुरी भाषा आहे असा समज नगर जिल्ह्यात तरी असावयास नको. नगर शहरापासून काही मैलांवर, अरणगावनजीक मेहेराबाद येथे मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी मौन धारण केले आणि ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत ते सोडले नाही. दीर्घकाळ अक्षरांची पाटी, आणि १९५४ नंतर तीही टाकून केवळ हातांच्या खुणा, एवढ्या साधनांवर त्यांनी प्रवचने दिली, कारभार चालविला, देशोदेशींच्या लोकांशी संवाद केला. स्वेच्छेने घेतलेले मौन आणि जन्मजात मूकबधिरत्व ह्या एक गोष्टी नव्हेत, हे उघड आहे. परंतु खुणा जाणणारा दुभाषी जवळ असला म्हणजे गहनातला गहन विचारही हातांतून निर्वेध वाहतो, ह्याचा अनुभव चव्वेचाळीस वर्षे ज्या मुलखाने घेतला, त्याने मूक नायिकेच्या डोळ्यांत फक्त पाणी पाहून समाधान मानू नये.

अपंग माणसांनी स्वतःची भूमिका स्वतः करावी ह्याचे उदाहरण मराठीत नाही असे नाही. २०१४ साली आलेल्या महेश लिमये दिग्दर्शित ‘यलो’ ह्या चित्रपटात डाऊन सिंड्रोम असलेली पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ स्वतःच पडद्यावर आली. स्वागत थोरात यांनी अंध कलावंतांना घेऊन ‘अपूर्व मेघदूत’ रंगभूमीवर आणले. चित्रपट आणि नाटक हे करू शकतात, तर जी माध्यमे रोज संध्याकाळी घरात येतात त्यांनी मागे का राहावे, ह्याचे समर्पक उत्तर माझ्या ऐकिवात नाही.

जुलै २०२४

ह्या सगळ्यांहून कठोर असा एक चौथा साचा अलीकडे तयार झाला आहे, आणि त्याच्या घडणीत नगरचे नाव दुर्दैवाने पुढे आले. २०२४ च्या जुलै महिन्यात एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या निवडीविषयी प्रश्न उभे राहिले. तिच्या दिव्यांगत्वाच्या दाखल्यांची शहानिशा सुरू होताच नगरच्या जिल्हा रुग्णालयाचे नाव देशभरच्या वृत्तवाहिन्यांवर झळकू लागले, आणि महिनाअखेरीस केंद्रीय लोकसेवा आयोगाने तिची उमेदवारी रद्द केली. प्रकरणाचा न्याय करणे हे न्यायासनांचे काम आहे. त्यात मला शिरावयाचे नाही. अपात्र मनुष्याने अपंगांची राखीव जागा घेतली असेल तर तो अपराध अपंगांविरुद्धच घडलेला आहे, आणि त्याची चौकशी झालीच पाहिजे, ह्याविषयीही दुमत नाही. मला बोलावयाचे आहे ते त्या दिवसांतल्या पडद्याविषयी. कित्येक आठवडे ‘दिव्यांग दाखला’ हे शब्द घराघरांत ऐकू आले ते ‘बोगस’ ह्या शब्दाच्या सोबतीनेच. आणि ज्यांनी आयुष्यात एकाही अपंग माणसाशी चार वाक्ये बोललेली नाहीत, त्यांच्या मनात अपंग म्हणजे सवलतीसाठी सोंग करणारा इसम, अशी प्रतिमा बसली.

हा दाखला मिळविणे म्हणजे काय, हे त्या चर्चांतून क्वचितच कोणी सांगितले. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा चौदा तालुक्यांचा आहे. अकोल्याच्या डोंगरातून नगरला यावयाचे तर शंभरावर किलोमीटरचा प्रवास. सोबत एक माणूस हवा, म्हणजे दोघांचा रोज बुडाला. अर्ज आधी संगणकावर भरावा लागतो, मग तपासणीची तारीख; विशेषज्ञ त्या दिवशी हजर नसेल तर पुढची तारीख. पायाचा अधूपणा डोळ्यांना दिसतो, परंतु कमी ऐकू येणे, दृष्टी अंशतः जाणे, मनाचा दीर्घ आजार, ह्यांची टक्केवारी ठरविणे अवघड. आणि चाळीस टक्क्यांच्या उंबरठ्याच्या एका बाजूला हक्क, दुसऱ्या बाजूला रिकामे हात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने पूर्वीच्या सात प्रकारांऐवजी एकवीस प्रकारची अपंगत्वे मान्य केली, त्यांतली कित्येक वरकरणी दिसतच नाहीत. अशा माणसाकडे एस. टी.त, शाळेत, कचेरीत संशयाने पाहिले जाणे ही त्या पडद्याची देणगी होय. २०११ च्या जनगणनेने महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग नोंदविले. एका प्रकरणाचा संशय ह्या सर्वांवर वाटून टाकणे हा अन्याय आहे.

विलक्षण योगायोग असा की, त्याच महिन्यात, ८ जुलै २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ह्याच विषयावर एक पायाभूत निकाल दिला. ‘आँख मिचोली’ ह्या चित्रपटातील अपंगांच्या चित्रणाविरुद्ध निपुण मल्होत्रा यांनी दाद मागितली होती. ते स्वतः अपंगत्वासह जगणारे कार्यकर्ते आहेत. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती जमशेद पारडीवाला यांच्या पीठाने चित्रपटावर बंदी घातली नाही. पण दृश्य माध्यमांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. अपंगत्व समजावून देणारा विनोद निराळा आणि अपंगाला खाली पाडणारा विनोद निराळा. हिणवणारे शब्द टाळावेत. आजाराची वैद्यकीय माहिती पारखून घ्यावी. अपंगांना केवळ दीनवाणे किंवा केवळ अलौकिक म्हणून दाखवू नये. आणि त्यांच्याविषयीचे निर्णय त्यांच्या सहभागावाचून घेऊ नयेत, असा त्या निकालाचा इत्यर्थ. दाखल्याच्या त्या गदारोळात ह्या निकालाला आपल्या वाहिन्यांवर किती जागा मिळाली, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

जामखेडचे पाऊल

पडद्यावर काय दिसावयास हवे, ह्याचे उत्तर शोधण्यासाठी ह्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, जामखेडला जावे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्याने १९७० साली तेथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला, गावच्या निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले, आणि १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्या मानाने कमी बोलले जाते ते तेथील कृत्रिम अवयवांच्या कार्यशाळेविषयी, जेथे गावातलेच कारागीर जयपूर पाय तयार करतात.

हा पाय जवळून पाहण्याजोगा आहे. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या रुग्णालयात रामचंद्र शर्मा ह्या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो सिद्ध केला. परदेशी कृत्रिम पायाला बूट लागतो; हा पाय रबराचा, कातडीच्या रंगाचा, बोटांसकट घडविलेला असल्याने अनवाणी चालतो. घोट्यात तो सर्व बाजूंनी वळतो, म्हणून त्यावर मांडी घालता येते, उकिडवे बसता येते, सरीतल्या चिखलात पाय घालता येतो, बांधाच्या उतारावर तोल सांभाळता येतो. खुर्चीवर बसून जगणाऱ्या समाजाऐवजी जमिनीवर बसून जेवणाऱ्या समाजासाठी तो घडविलेला आहे. मापाला बसेपर्यंत कारागीर पुन्हा पुन्हा घासतो, पट्टा आवळतो, सैल करतो; घालणारा दोन पावले टाकतो, थांबतो, कोठे टोचते ते सांगतो. आणि पाय बसला की तो मनुष्य रानात जातो, दुकानावर बसतो, पोराला शाळेत सोडतो.

मालिकांतल्या कथांत मात्र चाकाच्या खुर्चीतला मनुष्य एकतर कायम खिडकीशी बसलेला असतो, नाहीतर कथेच्या उत्कर्षबिंदूवर, प्रिय व्यक्ती संकटात सापडताच, तटकन उठून उभा राहतो. पार्श्वसंगीताचा कल्लोळ होतो, आणि सगळ्यांचे चेहरे तीन तीनदा जवळून दाखविले जातात. ‘बरा होणे’ आणि ‘निरुपयोगी होणे’ ह्या दोन टोकांच्या मध्ये जो अफाट प्रदेश आहे, ज्यात अपंग माणसे प्रत्यक्षात राहतात, तो प्रदेश पडद्याला ठाऊकच नाही.

त्या प्रदेशाचे दर्शन घडविणारे एक उदाहरण दूरचित्रवाणीवर होऊन गेले आहे. १९८१ च्या अपघातानंतर सुधा चंद्रन यांचा पाय कापावा लागला. जयपूर पाय बसवून त्या पुन्हा नाचल्या, आणि ‘नाचे मयूरी’ ह्या चित्रपटात त्यांनी आपलीच कथा साकारली. त्या प्रेरणेच्या कथेचे मोल आहेच. परंतु मला अधिक मोलाची वाटते ती २००१ पासून ‘कहीं किसी रोज’ ह्या मालिकेत त्यांनी केलेली रमोला सिकंदची भूमिका. ठसठशीत टिकल्यांची, भरजरी साड्यांची, कारस्थानी रमोला घराघरांत गाजली, आणि तिच्या कारस्थानांचा तिच्या पायाशी काडीचाही संबंध नव्हता. ललिता पवार यांना अधू डोळ्यामुळे खलनायिका व्हावे लागले. सुधा चंद्रन ह्या आपल्या अभिनयाच्या बळावर खलनायिका झाल्या, आणि पाय हा त्यांचा खासगी मामला राहिला. ह्या दोन भूमिकांमधील अंतर हेच आपल्याला करावयाच्या प्रगतीचे माप होय.

जे पडद्यासमोर बसतात

अपंग माणूस पडद्यावर जसा असतो तसा पडद्यासमोरही असतो, हे आपण विसरतो. अंध प्रेक्षक मालिका ऐकतो. ऐन प्रसंगी नायिका पत्र उघडते, ते आपण वाचतो, ती स्तब्ध होते, आणि नुसते संगीत वाजत राहते. पत्रात काय होते हे त्याला कोणी सांगत नाही. वादळाचा इशारा, मदतीचा दूरध्वनी क्रमांक, परीक्षेची बदललेली तारीख, हे खालच्या पट्टीवर मुकाट सरकत जाते. ऐकू न येणाऱ्याची अडचण उलट आहे: तावातावाने चाललेली चर्चा त्याला दिसते, पण कळत नाही. दूरदर्शनने कर्णबधिरांसाठी साप्ताहिक बातमीपत्र १९८७ मध्येच सुरू केले होते. २०१६ च्या कायद्याच्या बेचाळिसाव्या कलमाने ध्वनिवर्णन, सांकेतिक भाषा आणि उपशीर्षके ह्यांची तजवीज करण्याचे कर्तव्य शासनावर टाकले, आणि माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०१९ साली कर्णबधिरांसाठी मानके जाहीर केली. तरीही मराठी मनोरंजन वाहिन्यांच्या रोजच्या मालिकांवर मराठी उपशीर्षके दिसणे ही अजून दुर्मीळ गोष्ट आहे.

आता मागणे काय, ते स्पष्ट सांगतो. मालिकेच्या लेखकांनी अपंग पात्र लिहिताना त्याला व्यवसाय द्यावा, स्वभाव द्यावा, चुका करण्याची मुभा द्यावी, आणि अखेरच्या भागात त्याला बरे करण्याचा मोह आवरावा. वाहिन्यांनी भूमिका वाटताना अपंग कलावंतांच्या चाचण्या घ्याव्यात, आणि लेखनाच्या टेबलाशी त्यांना खुर्ची द्यावी. वृत्तसंपादकांनी बनावट दाखल्याची बातमी जरूर द्यावी, पण तिच्यासोबत खरा दाखला मिळविण्याची वाटही दाखवावी. आमच्या नगरकरांवरही एक जबाबदारी आहे. हे महाकरंडक एकांकिका स्पर्धेचे शहर आहे, सदाशिव अमरापूरकर ह्याच मातीतून पडद्यावर गेले. दिव्यांग तरुणांच्या शिक्षणासाठी झटणारी ‘अनामप्रेम’सारखी संस्थाही येथेच आहे. नाट्यसंस्थांनी आपल्या तालमीची दारे ह्या तरुणांना उघडावीत, रंगमंचाला उतार बांधावा, संहिता ब्रेलमध्ये द्यावी. आणि प्रेक्षकांनी, म्हणजे आपण सर्वांनी, तोतरेपणावर हशा मागणारा प्रवेश लागला की वाहिनी बदलावी, आणि ती का बदलली हे त्या वाहिनीला चार ओळींत लिहून कळवावे. प्रेक्षकाच्या पत्राची दखल घेणे वाहिनीला भाग पडते.